अब्बांच्या नावावरची दोन अंडी

रुबीना आतल्या खोलीत मुलीचा युनिफॉर्म इस्त्री करते आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी नुसता खाकरलो तरी मला चहा हवाय की पाणी हे तिला कळतं — पण हे तिला माहीत नाही. अम्मीला माहीत नाही. ज्यांच्याविषयी आहे त्या अब्बांना तर नाहीच नाही. तुम्ही पहिले. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला नाही. उद्या यान्बूच्या बाजारात समोरासमोर आलो तर सलाम करून आपापल्या वाटेनं जाऊ. म्हणून बहुधा आज जमतंय.

तसं म्हटलं तर काय झालं होतं? समुद्रकाठच्या वाळूत एका पक्ष्याची दोन अंडी फुटली. बस. रोज सकाळी कढईवर आपण फोडतोच की! असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. चार दिवस बरं वाटतं. मग पुन्हा ताट बाजूला सारतो.

मी थोडं मागून सुरू करतो. मधेच आडवाटेला जाईन, तेही सांगून ठेवतो — सरळ बोलता आलं असतं तर इतकी वर्षं लागली नसती.

मी मूळचा रत्नागिरीकडचा, खाडीच्या तोंडावरच्या एका गावाचा. सौदीत आलो तो रियाधला, अल सुलै भागातल्या एका गोदामात हेल्पर म्हणून. तिथं समुद्र सोडा, डबकंसुद्धा नव्हतं. ट्रकमधून खोकी उतरवायची, पत्र्याच्या सावलीत जेवायचं, आणि कॅम्पवर येऊन झोपायचं. पुढे दोन-चार सर्टिफिकेटं केली, नोकऱ्या बदलल्या, आणि आता यान्बूच्या एका प्लांटमध्ये सेफ्टी ऑफिसर आहे. म्हणजे रोज सकाळी कामगारांना रांगेत उभं करून मी हिंदीत भाषण ठोकतो — भाई लोग, गलती हो गयी तो छुपाने का नहीं, उसी टाइम बोल देने का, कोई कुछ नहीं करेगा. चांगलं बोलतो मी. नेपाळी पोरं तर मान हलवून ऐकतात.

यान्बूला आलो आणि समुद्र परत मिळाला. संध्याकाळी किनाऱ्यावर फिरायला लागलो, फिरता फिरता पक्षी बघायला लागलो. लहानपणी गावात पक्षी कोण बघतं? कुरव म्हणजे मासे सुकत घातले की चोरायला येणारा, एवढीच ओळख. इथं मात्र वेड लागलं. मायदेशी निघालेल्या एका फिलिपिनो माणसाकडून जुना कॅमेरा घेतला. रुबीना त्याला आपली सवत म्हणायची. मग पक्षीवाल्यांचा एक ग्रुप मिळाला — केरळचे इंजिनियर, एक पाकिस्तानी डॉक्टर, असे. सगळे फोटो टाकायचे, एकमेकांना शाबासकी द्यायची. त्यात एकदा कुणीतरी छोट्या सुरयच्या पिल्लाचा फोटो टाकला. सुरय म्हणजे कुरवाचीच बारीक, चपळ बहीण म्हणा. पाण्यावर घिरट्या घालते आणि दगड टाकावा तशी सूर मारते. ती घरटं बांधत नाही. उघड्या वाळूत नुसता खळगा करते आणि त्यात अंडी घालते, वाळूच्याच रंगाची. पिल्लूही वाळूच्या रंगाचं. तो फोटो राबिगच्या पुढं किनाऱ्यावर एक राखीव जागा आहे तिथला होता.

मलाही तसा फोटो पाहिजे होता. दुसरं काही नाही. पुढचं सगळं या एवढ्याशा हौसेतून झालं.

आता अब्बा. अब्बा तांडेल होते, म्हणजे लाँचचे कप्तान. आमची स्वतःची लाँच, मोठी नव्हे, पण अब्बांच्या हाताखाली काम करायला खलाशी टपलेले असायचे. कारण एकच — अब्बांच्या लाँचवर कुणाचं बोट तुटलं नाही, कुणी पाण्यात गेला नाही. दोरखंड, गळ, ओली फळी, सगळ्यातून ते बघून पाऊल टाकायचे आणि दुसऱ्यालाही तसंच टाकायला लावायचे. घरात आम्ही चेष्टा करायचो की अब्बा मशिदीत जातानाही आधी पायरी तपासतात. ते हसायचे आणि तरीही तपासायचे.

त्यांची एकच इच्छा होती, उमरा. हजइतका मोठा सोहळा नाही, पण काबागृहाला सात फेरे, दोन टेकड्यांमधली धाव, आणि एकदा तरी ते घर डोळ्यांनी बघायचं. मी व्हिजिट व्हिसा काढला आणि दोघांना बोलावून घेतलं. अब्बा गावच्या मौलवींकडून सगळे नियम पाठ करूनच आले होते. मी इतकी वर्षं इथं राहून मला जेवढं येत नव्हतं तेवढं त्यांना येत होतं, आणि येताजाता ते माझी परीक्षा घ्यायचे. मी नापास होत होतो.

वसंतातले दिवस होते, पाखरं अंड्यावर बसण्याचे. मक्केला निघायचं ठरलं तेव्हा मी कॅमेरा डिकीत, कपड्यांच्या बॅगेखाली ठेवला. रुबीनाच्या नजरेतून काय सुटतं? उमऱ्याला निघताना सवत कशाला, म्हणाली. मक्केत हॉटेलच्या खिडकीतून अम्मी-अब्बांचा फोटो काढीन, म्हणालो. हे पहिलं खोटं. लहानसंच, पण मोजायचं तर इथून मोजा.

यान्बूहून मक्केला जाताना राबिगपाशी थांबावं लागतं. तिथं आंघोळ करून एहराम घालायचा — पुरुषांनी न शिवलेली दोन पांढरी वस्त्रं, डोकं उघडं, पायात साधी चप्पल — आणि उमऱ्याचा इरादा करायचा. तो इरादा केला की माणूस वेगळ्याच कायद्याखाली जातो. अत्तर नाही, नखं-केस कापायचे नाहीत, भांडायचं नाही. आणि रानातल्या जिवाला मारायचं नाही, पाखराचं अंडंही फोडायचं नाही. आम्ही कोकणी लोक शाफई पंथाचे. आमच्यात चुकून झालं तरी त्याची भरपाई द्यावी लागते. अब्बा या बाबतीत किती काटेकोर होते सांगतो. राबिगच्या मशिदीच्या ओट्यावर त्यांच्या दंडावर डास बसला. डासाला मारायची मुभा आहे म्हणे, पण अब्बांनी फुंकर मारली. तो उडाला, परत बसला, त्यांनी परत फुंकर मारली. माझी मुलगी सना हसत सुटली — "दादा, जस्ट किल इट ना!" अब्बांना इंग्रजी कळलं नाही पण अर्थ कळला. म्हणाले, "पिऊं दे गो, त्याचाबी उमरा होंदे."

राबिग सोडल्यावर थोड्या अंतरानं मी गाडीचा वेग कमी केला. काटा वर चाललाय, म्हणालो, इंजिन तापलंय, जरा आत सावलीला थांबू. गाडी ठणठणीत होती. मी सिग्नल दिला आणि समुद्राकडच्या फाट्याला वळलो.

ती जागा तुम्ही पाहिली नसेल. पहिल्यांदा वाटतं, इथं काय आहे? सपाट, पांढुरकी जमीन, तिच्यावर मिठाची पापडी धरलेली, गाडीच्या चाकाखाली कुरकुरणारी. मग बुटक्या वाळूच्या टेकड्या. आणि एकदम निळं, उथळ, शांत पाणी. पाण्याच्या कडेला तिवरं — आपल्या खाडीत असतात तीच, फक्त इथं खुरटलेली, माणसाच्या कमरेएवढी. आणि पाखरं. किती म्हणून सांगू? चिखलात लांब पायांवर काळीपांढरी पाखरं खेकडे उपसत होती. कुरव वाऱ्याला तोंड करून ओळीनं बसले होते. आणि पाण्यावर सुरय — वर थबकायच्या, थरथरायच्या, आणि धपकन खाली.

फाट्यावर राखणदाराची केबिन होती. उन्हानं रापलेला सौदी माणूस, अब्बांच्याच आगेमागे वयाचा. एहरामातला म्हातारा बघून तो उठून उभा राहिला, खजूर दिले, दुआ मागायला सांगितली. मग मला हातानं दाखवलं — तिकडे वाळूत लाल चिंध्या बांधलेली दोरी आहे, तिच्या अलीकडे कुठंही फिरा. पलीकडे अंडी आहेत. मम्नूअ, मम्नूअ, म्हणजे मनाई, असं दोनदा म्हणाला. माझं अरबी इकाम्याच्या, म्हणजे इथं राहण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणापुरतंच आहे, पण एवढं कळायला फार अरबी लागत नाही.

"काय म्हनतो?" अब्बांनी विचारलं.

"ऊन आहे, सांभाळून चाला म्हणतोय."

अम्मी, रुबीना आणि सना केबिनच्या सावलीत गाडीतच बसल्या. मी आणि अब्बा पाण्याकडे निघालो. मी कॅमेरा काढला तिकडे अब्बांनी पाहिलंही नाही. त्यांचं लक्षच नव्हतं. घर सोडल्यापासून इतके दिवस फ्लॅटमधे कोंडलेला माणूस — समुद्र बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. सूर मारणाऱ्या पाखरांकडे बोट करून ओरडले, "पेडवे लागलंत रं खाली! बघ, बघ!" तिथं पेडवे, आपल्याकडची ती बारीक मासळी, असतात की नाही मला माहीत नाही. पण ते इतके खूश होते. एका हातानं एहराम सावरत, दुसरा हात डोळ्यांवर धरून उभे होते, आणि मला वाटलं, बरं झालं आपण थांबलो.

माझी खोटी कारणं सोडली तर इथंपर्यंतचं सगळे जण जाणतात. यापुढे काय झालं याची एक गोष्ट आमच्या घरात आहे. आधी ती सांगतो.

ती अशी — अब्बा पाखरं बघण्याच्या नादात दोरीच्या पलीकडे गेले, माझं लक्ष नव्हतं, त्यांच्या पायाखाली सुरयचं घरटं आलं आणि दोन अंडी फुटली. एकात पिल्लू तयार झालेलं होतं. अब्बांना दिसलं नाही. बिचारे. एहरामात असताना! गावी, जमातीत, सासरी, सगळीकडे ही गोष्ट अशीच गेली आहे. अब्बा स्वतः ती अशीच सांगतात, मला त्यात न आणता.

आता दुसरी.

दोरी मी ओलांडली. पिल्लू दोरीच्या पलीकडे पळत होतं, चिमूटभर, वाळूचाच एक गोळा पळाल्यासारखं. माझी लेन्स तेवढी लांबची नव्हती. अब्बा दोरीपाशी थांबले. म्हणाले, "दोरी हाय रं." मी म्हणालो, "ती गाड्यांसाठी आहे, अब्बा. या." त्यांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? इथली भाषा मला येत होती, इथले कायदे मला माहीत होते, मुलगा मी होतो.

तरीही ते कसे चालत होते सांगू? माझ्या पावलांवर पाऊल ठेवून. वाळूत माझ्या चपलेचा ठसा उमटेल, बरोबर त्यातच पाय टाकत होते — आणखी जमीन तुडवली जाऊ नये म्हणून. हे त्यांनी मला मागाहून सांगितलं. आणि मी? मी डोळा कॅमेऱ्याला लावून चालत होतो.

पायाखाली बिस्कीट मोडावं तसं झालं. फार बारीक. मी खाली पाहिलं आणि मला लगेच कळलं. चप्पल उचलली, तर टाचेखाली सगळं ओलं. अब्बा चार पावलं मागे होते, मान वर, आकाशात ओरडणाऱ्या सुरयकडे बघत. मी काय केलं असेल? मी चपलेच्या कडेनं त्यावर वाळू ओढली. एकदा. दोनदा. मांजर ओढतं तशी. आणि पुढं चालू लागलो.

म्हणजे तिथं माझ्या चपलेचा ठसा होता, त्यावर भुसभुशीत वाळू होती, आणि अब्बा ठशात पाऊल टाकत येत होते.

त्यांचा पाय पडला. अंगठ्याला ओलं लागलं. ते थांबले, वाकले, बोटानं वाळू बाजूला केली. मग तिथंच गुडघ्यांवर बसले. मी वळून बघितलं तेव्हा त्या अंड्यांची सुरयची जोडी त्यांच्या डोक्यावर झडप घालत होती. एहरामात पुरुषाचं डोकं उघडं असतं; तिनं एकदा चोच मारली, दुसऱ्यांदा मारली, वर विष्ठा टाकली. अब्बांनी हात वर केला नाही. डोक्यावरून पाखरू हाकलायलाही नाही. खाली त्या ओल्या वाळूकडे बघत बसून राहिले.

त्या क्षणी सांगता आलं असतं. चार शब्द होते — अब्बा, तुम्ही नाही, मी. मी तोंड उघडलंही होतं, हे खरं आहे. पण राखणदार धावत येत होता. लांबून ओरडत होता. मला माझा इकामा दिसला, दंड दिसला, कफीलच्या, म्हणजे ज्याच्या जामिनावर मी इथं राहतो त्या मालकाच्या, ऑफिसात उभा असलेला मी दिसलो. राखीव जागेतला दंड किती असतो याच्या ग्रुपवर वाचलेल्या गोष्टी आठवल्या. तो जवळ आला, धापा टाकत, रागानं लाल, आणि त्यानं एकच विचारलं — मीन? कोण?

मी अब्बांकडे बोट केलं.

म्हातारा माणूस आहे, नजर कमी आहे, माझा बाप आहे, म्हणालो. अरबीत. अब्बांना त्यातलं अक्षर कळलं नाही. ते माझ्याकडे आणि त्याच्याकडे बघत होते, शाळेतल्या पोरासारखे. राखणदारानं त्यांचा एहराम पाहिला, केसांवरची घाण पाहिली, आणि त्याचा राग विरला. त्यानं अब्बांना हात धरून उठवलं, स्वतःच्या रुमालानं त्यांचं डोकं पुसलं. अल्लाह माफ करणारा आहे, असं म्हणत राहिला. दंड नाही, नाव लिहून घेणं नाही. यल्ला, जा, म्हणाला, आणि आम्हाला दोरीच्या अलीकडे आणून सोडलं.

हिशेब बघा माझा. माझा बाप मी ढाल म्हणून पुढे केला, आणि ढाल चालली.

तुम्ही म्हणाल, परक्या माणसासमोर घाबरलास, समजू शकतो. पण थांबा. गाडीकडे परतताना मी आणि अब्बा दोघंच होतो. राखणदार मागे राहिला होता. अब्बा मधेच उभे राहिले आणि मला विचारलं, "तू बघितलंस काय रं? माज्याच पायाखाली गेली ना?" त्यांना शंका होती. त्यांचा पाय किती हलका पडतो हे त्यांना माहीत होतं. एखाद्या खलाशानं चूक केली की तांडेल विचारतो तसं विचारलं, सरळ डोळ्यांत बघून. दुसरं कुणी नव्हतं तिथं. दंड टळला होता. भ्यायला काहीएक कारण उरलं नव्हतं.

मी म्हणालो, "हो अब्बा. तुमच्याच. चुकून झालं."

हे मी कुणाच्या भीतीनं म्हणालो? रुबीनाला थांबण्याचं खरं कारण कळेल म्हणून? सनासमोर मान खाली जाईल म्हणून? या सगळ्या गोष्टी मी वर्षानुवर्षं चाळून पाहिल्या आहेत आणि एकही पुरी पडत नाही. खोटं आधीच बोलून झालं होतं, तेच पुढं चालवणं सोपं होतं. एवढंच.

पिल्लाचा फोटो चांगला आला होता. तेही सांगून टाकतो. मी तो काही महिन्यांनी ग्रुपवर टाकला आणि डॉक्टरसाहेबांनी लिहिलं, माशाल्लाह, क्या सब्र है आपका.

मक्केला पोचलो. हॉटेलात एक ग्रुप उतरला होता, त्यांच्यासोबत केरळचे एक मौलाना होते, तेही शाफई. अब्बांनी खोलीत बॅगाही न ठेवता त्यांना गाठलं. सगळं सांगितलं — मोडक्या हिंदीत, स्वतःवर जरा जास्तच घेत. मी शेजारी उभा होतो. मौलाना म्हणाले, "चाचा, दरिया के शिकार की छूट है, पर परिंदा पानी का हो तो भी अंडा जमीन पर देता है, तो हुक्म जमीन का ही लगेगा. अंडों की जो कीमत बने, उतने का अनाज यहाँ के गरीबों को दे दो. उमरा आपका हो जाएगा, दिल छोटा मत करो." किती सोपं होतं बघा! अब्बांनी तांदूळ विकत घेतला आणि स्वतः जाऊन वाटला. पिल्लाची आठवण येऊन परत गेले आणि आणखी वाटला. ती भरपाई माझ्यावर होती. एहरामात मीही होतो. मी ती दिली नाही — दिली असती तर कशाची म्हणून सांगितलं असतं?

आणि मग तवाफ, काबागृहाभोवतीचे ते सात फेरे. ज्यासाठी हा माणूस आयुष्यभर थांबला होता. मी त्यांचा हात धरून चालत होतो. पहिला फेरा झाला, दुसरा झाला, आणि माझ्या ध्यानात आलं की अब्बा वर बघतच नाहीत. गुळगुळीत संगमरवरी फरशी, तिथं मुंगीसुद्धा नसते. पण ते प्रत्येक पाऊल आधी जागा बघून टाकत होते. मी म्हणालो, "अब्बा, वर बघा ना. ते बघा." त्यांनी मान हलवली आणि खालीच बघत राहिले. सातही फेरे. अम्मीनं रात्री जेवताना विचारलं, कसं वाटलं हो बघून? म्हणाले, "गर्दी लय होती." अम्मीला वाटलं त्यांना भरून आलंय.

गावी गेल्यावर लोक भेटायला आले. उमरा करून आलेल्याच्या हाताला हात लावतात, दुआ मागायला सांगतात. अब्बा प्रत्येकाला आधी अंड्यांची गोष्ट सांगायचे आणि मग म्हणायचे, दुआ दुसऱ्याकडून घे. लोकांना तो त्यांचा विनय वाटला. मग एक दिवस चुलतभावाचा फोन आला की अब्बांनी लाँच त्याच्या हवाली केली आहे. ज्याला पायाखालचं दिसत नाही त्यानं दुसऱ्यांची पोरं घेऊन दर्यात जाऊ नये, म्हणाले. खलाशी घरी येऊन बसले, विनवण्या केल्या. अम्मीनं जबरदस्तीनं रत्नागिरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात इतकी चांगली नजर मी क्वचित पाहतो. अब्बांनी डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही. ठेवला तो माझ्यावर. मी म्हटलं होतं ना — तुमच्याच पायाखाली.

लाँच पुढं चुलतभावानं विकली. अब्बा आता सकाळी बंदरावर जातात, बाकड्यावर बसतात, आणि जेवायला घरी येतात. जाताना काठी घेतात. काठीची गरज नाही. रस्ता चाचपायला घेतात.

फोनवर सांगता आलं असतं, तुम्ही म्हणाल. आलं असतं. सुट्टीवर गेलो तेव्हा बंदरावर त्यांच्या शेजारी बसून सांगता आलं असतं. एकदा तर दोन तास बसलो होतो. समोर सुरय सूर मारत होत्या आणि अब्बा मला त्यांची नावं विचारत होते. मी नावं सांगितली.

दर जुम्म्याला त्यांचा फोन येतो. आजही आला होता, म्हणून हे लिहायला बसलो. तब्येत, सनाची शाळा, पाऊसपाणी, सगळं झालं की शेवटी एकच असतं — मक्केला जाशील तवा माज्यासाठी तेवढं माग. मी जातो. यान्बूहून वर्षातून दोन-तीनदा तरी जाणं होतं. आणि काबागृहासमोर हात पसरून मी मागतो — या अल्लाह, माझ्या बापाला ती अंडी माफ कर. अक्षरशः असंच. तिथं कुणापासून लपवायचं असतं? तिथं तर वाळू कुणी ओढली तेही माहीत आहे. तरी ओठांवर अब्बांचंच नाव येतं. माझं आजवर एकदाही आलेलं नाही.

गेल्या रमजानमधेही गेलो होतो. परत आल्यावर फोन केला.

"मागितलंस काय रं?"

"मागितलं, अब्बा."

मग त्यांनी माझ्यासाठी दुआ केली — असा लेक अल्लाह सगळ्यांना देवो म्हणाले, आणि तुझं पाऊल कधी चुकू नये म्हणाले.

मी आमीन म्हटलं.